पहिला कॉर्ड हसराच हवा

माझ्या क्लासच्या खिडकीच्या गजाला एक नेलकटर सुतळीनं बांधलेला असायचा, पोस्टात पेन बांधतात तसा. आधी तो मोकळाच होता, दोनदा पळवला गेल्यावर बांधला. नवा माणूस शिकायला आला की नावगाव विचारायच्या आधी मी त्याला डावा हात पुढे करायला सांगायचो, नखं बघायचो आणि खिडकीकडे बोट दाखवायचो. कित्येकांना तो अपमान वाटायचा. कॉलेजातल्या एका मुलीनं आदल्याच दिवशी मैत्रिणीच्या लग्नासाठी नखं रंगवून घेतली होती. ती बिचारी रडली, पण कापली. चौतीस वर्षांत या नियमाला मी एकदाही अपवाद केला नाही. ही गोष्ट मी चारचौघांत छाती फुगवून सांगायचो. आज सांगायला बसलोय, पण छातीत तेवढी हवा राहिलेली नाही.

सोलापुरात गिटार शिकवून संसार केला म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, ते झालं हो, पण पोटापाण्याला काय करत होता? हेच करत होतो. गावात एका पिठाच्या गिरणीच्या वर, पत्र्याच्या खोलीत माझा क्लास होता. खाली ज्वारी दळायला पडली की वर जमीन थरथरायची आणि जिन्यावरून पिठाचा धुरळा चढायचा. संध्याकाळपर्यंत माझ्या मिशा पांढऱ्या होत. आता पीठ नसतानाही आहेत, ते सोडा. गिरणीच्या मोटरचा एक ठरलेला सूर होता, आणि तो गिटारच्या पाचव्या तारेच्या इतका जवळ होता की नवशिके नकळत तारा मोटरशी जुळवून बसत. वीज गेली, मोटर थांबली, की सगळा क्लास बेसूर निघायचा.

शिष्यांच्या गिटारी चादरीत गुंडाळून यायच्या. पिशव्या मिळायच्या नाहीत असं नाही, पण चादर घरात असतेच. उन्हाळ्यात आणखी एक मजा. स्वस्तातली गिटार मे महिन्यात पत्र्याखाली टांगली की जिथं तारा अडकवतात ती लाकडी पट्टी डिंक मऊ होऊन उखडायची. मास्तर, आपोआप तुटली, असं सांगत पोरं यायची. माझा निम्मा उन्हाळा गिटारींना शिकंजे लावून चिकटवण्यात जायचा. दारावर मी एक पाटी लावली होती, 'पंधरा दिवसांत कॉर्ड शिका'. पेंटरनं कॉर्डवरचा चंद्र गाळून नुसता काना ठेवला. मग एक आजोबा दोन फोटो आणि रेशनचे कागद घेऊन धापा टाकत जिना चढून आले आणि विचारू लागले, हितं कार्ड निघतंय का? त्यांना पाणी दिलं, तहसील कचेरीचा रस्ता सांगितला आणि पेंटरला शिव्या घातल्या.

कॉर्ड म्हणजे काय, हे ठाऊक नसणाऱ्यांसाठी सांगतो. बासरीवर आपण एका वेळी एकच सूर वाजवतो. गिटारला सहा तारा. डाव्या हाताच्या बोटांनी दोन-तीन तारा दांडीवरच्या पट्ट्यांमधल्या ठरलेल्या घरात दाबायच्या, बाकीच्या मोकळ्या सोडायच्या, आणि उजव्या हातानं सगळ्या एकदम छेडायच्या. एकमेकांशी पटणारे तीन सूर एका वेळी उठतात, तो कॉर्ड. ज्यात काही तारा मोकळ्या वाजतात तो ओपन कॉर्ड. आमच्या क्लासात आम्ही त्याला मोकळा कॉर्डच म्हणायचो. नवशिक्याचा श्रीगणेशा त्यानंच होतो.

करकंबहून दर रविवारी एसटीनं भजनी मंडळाचे एक पेटीवाले यायचे, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पेचात पकडलं. म्हणाले, तीन माणसं एकदम बोलाय लागली तर ऐकायचं कुणाचं? मी म्हटलं, तिघं एकच गोष्ट बोलत असतील तर ऐकायला गोड लागतं. त्यावर अण्णा शांतपणे म्हणाले, एकच गोष्ट असंल तर मग एकानंच बोलावं की.  चार रविवार करून ते पुन्हा पेटीकडे गेले. जाताना काकवीची बरणी मात्र देऊन गेले.

आता नखांचं कारण. तार दाबायची ती बोटाच्या अगदी टोकानं, बोट उभं ठेवून. नख वाढलेलं असलं की बोटाचं मांस तारेला भिडायच्या आधी नखच लाकडाला टेकतं. तार अर्धवट दबते आणि सुराऐवजी भर्र असा आवाज निघतो. दुसरं दुखणं कातडीचं. पहिले तीन आठवडे तारा बोटांत रुततात, फोड येतात, मग घट्टे पडतात. या तीन आठवड्यांत निम्मे लोक गळायचे. त्यांना मी आरंभशूर म्हणायचो आणि राहिलेल्यांना त्यांच्या गोष्टी सांगून हसवायचो. ही माझी शिकवायची पद्धत होती, आणि मला वाटायचं ती फार चांगली आहे.

मला शिकवलं डॅनियल मास्तरांनी. ते रेल्वेत फिटर होते, रविवारी चर्चमध्ये वाजवायचे. कॉर्डात दोन मुख्य जाती असतात, मेजर आणि मायनर. मास्तर मेजरला हसरा म्हणायचे आणि मायनरला रडका. त्यांचा दंडक असा, की नव्या शिष्यानं महिनाभर फक्त सी मेजर वाजवायचा. कारण हाताला पहिला सूर लागेल तो हसराच लागला पाहिजे, नाहीतर हात जन्मभर रडका राहतो. नव्या घरात पहिली चूल पेटवताना कोणी रडतं का, असं ते विचारायचे. मला हे लगेच पटलं. आमच्या घरात पंचांग बघितल्याशिवाय गादीसुद्धा उन्हात पडत नसे, मला न पटून कसं चालेल? खरं सांगायचं तर सी मेजर नवशिक्याला सोपा नाही. तीन बोटं, तीन वेगवेगळ्या घरांत ताणून ठेवावी लागतात. त्याहून कितीतरी सोपा ई मायनर, दोन बोटांचा. पण तो रडका. म्हणून माझ्याकडे तो दुसऱ्या महिन्यात. नखं हा पहिला नियम, हा दुसरा.

दोन्ही नियम एकाच बाईंच्या वाटेत आडवे आले.

बारा-तेरा वर्षं झाली. दिव्या नावाची एक मुलगी माझ्याकडे दोन वर्षं शिकली होती. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरातली. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळायची. दिव्याचा हात सुरेख होता. शिक्षण संपल्यावर ती हैदराबादला नोकरीला गेली, तिकडेच तिचं लग्न जमलं आणि गिटार इथंच राहिली. एका दुपारी तीच गिटार चादरीत गुंडाळून, लेकरू घेतल्यासारखी कडेवर धरून, पंचेचाळिशीच्या एक बाई जिना चढून वर आल्या. कपाळाला मोठं कुंकू, लुगड्याला तंबाखूचा वास. मी दिव्याची आई, नागमणी, म्हणाल्या. मला वाटलं गिटारची पट्टी उखडलीय, चिकटवायला आणलीय.

"मास्तर, मला येकच शिकवा," त्या म्हणाल्या. "लई नको. येकच."

मग त्यांनी सगळं सांगितलं. चार महिन्यांनी दिव्याचं लग्न, सोलापुरातच. त्यांच्यात मुलीची पाठवणी करताना आई एक गाणं म्हणते. नागमणीबाईंच्या आईनं त्यांच्यासाठी म्हटलं होतं, आईसाठी आजीनं. घरातलंच गाणं, छापलेलं कुठं नाही. दर आईनं आपल्या मुलीसाठी म्हणायचं, दुसऱ्या कुणी म्हणून चालत नाही. ते त्यांना दिव्याच्या पाठवणीला म्हणायचं होतं, गिटारवर. दिव्याला त्यांनी तसं सांगूनही ठेवलं होतं. मी म्हटलं, गाणं येतंय ना? मग नुसतं गा की, गिटारचा खटाटोप कशाला?

त्यांनी गिटार खाली टेकवली. मग म्हणाल्या, "हात रिकामा असला की गळा भरून येतोय, मास्तर. बिडी वळताना दिवसभर गाते मी, कायच होत न्हाय. हात चालू पायजे. आता मांडवात बिडी वळत बसू का?"

मी हसलो. चांगला मोठ्यानं हसलो. त्यांनी मला सगळ्यात खरी गोष्ट सांगितली होती आणि मला तो विनोद वाटला. एवढ्या वर्षांत माझ्याकडे शेकड्यांनी माणसं आली, कोणी कॉलेजात भाव खायला, कोणी बायकोला खूश करायला, कोणी डॉक्टरनं सांगितलं म्हणून. नेमकं काय पाहिजे आणि कशासाठी पाहिजे, हे इतकं स्वच्छ सांगणारं माणूस एकच आलं.

चार महिने भरपूर होतात, या म्हटलं. आणि डावा हात पुढे करायला सांगितला. चार बोटांची नखं बारीक कापलेली होती. फक्त तर्जनीचं वाढवलेलं, जाड, टोकाला चमच्यासारखं किंचित वाकलेलं. मी खिडकीकडे बोट दाखवलं. कापायलाच पायजे का, असं त्यांनी विचारलं. मी माझं ठरलेलं भाषण दिलं. खिडकीशी जाऊन त्यांनी ते नख कापलं. कापताना मोठ्यानं कट्ट वाजलं, इतकं ते जाड होतं. चार नखं कापून एकच कशासाठी ठेवलं असेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. माझा जन्म सोलापुरातला. इथं दर दुसऱ्या घरात विड्या वळतात. पण मी तेव्हा फक्त गिटारच्या बाजूनं हात बघत होतो.

त्या आठवड्यातून दोनदा यायच्या, वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन झाल्यावर. पहिल्याच आठवड्यात मी चाट पडलो, कारण त्यांची बोटं दुखेनात. पानं कापून, विड्या वळून, दोरा गुंडाळून त्यांच्या बोटांची टोकं आधीच टणक झालेली. जे घट्टे यायला माझ्या शिष्यांना महिना लागायचा, ते त्या कित्येक वर्षांपूर्वीच कमावून आल्या होत्या. सी मेजरला सहावी तार वगळतात; दुसऱ्या आठवड्यात उरलेल्या पाचांपैकी चार साफ वाजायला लागल्या. मी घरी येऊन बायकोला कौतुकानं सांगितल्याचं आठवतंय. नागमणीबाईंना मात्र सांगितलं नाही. शिष्याचं तोंडावर कौतुक करू नये, हा तिसरा नियम.

त्याच आठवड्यात एक दिवस वाजवता वाजवता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, ह्यो हसतोय. माझं गाणं रडायचं हाय. ह्याच्यावर बसत न्हाय ते."

मेजर-मायनर मी त्यांना शिकवलंच नव्हतं. तो शब्दसुद्धा काढला नव्हता. लोकांना वर्ष-वर्ष कळत नाही तो फरक या बाईंनी दोन आठवड्यांत आपल्या कानानं ओळखला होता, आणि मी काय करावं? मी त्यांना समजावलं, की आधी हसायला शिका, रडायचं दुसऱ्या महिन्यात. शिवाय लग्नघर आहे, रडका सूर नको. त्यावर त्यांनी विचारलं, की पाठवणीला रडायचं नाही तर मग कधी रडायचं? मी म्हटलं, नियम आहे. माझ्या मास्तरांचा आहे. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तो हसरा कॉर्ड वाजवायला लागल्या.

तिसऱ्या आठवड्यात त्या ओढलेल्या चेहऱ्यानं आल्या. बसल्या, तार दाबली आणि भर्र आवाज आला. पुन्हा दाबली, पुन्हा भर्र. बघतो तर तर्जनीचं नख वाढू दिलेलं. क्लासात आणखी चार जण होते. मी खिडकीकडे बोट दाखवलं. त्या हलल्या नाहीत. मग मी एक वाक्य बोललो, आणि ते माझ्या तोंडून गेलंय हे आज लिहितानाही नको वाटतं. मी म्हटलं, "नखं वाढवायची हौस असेल तर गिटार घरी ठेवावी."

"हौस न्हाय, मास्तर," त्या म्हणाल्या. एवढंच. गिटार चादरीत गुंडाळली, गाठ मारली आणि जिना उतरून गेल्या. परत आल्या नाहीत.

मी काय केलं? काही नाही. आरंभशूरांच्या गोष्टींत एक नवी गोष्ट घातली, नखांची हौस असलेल्या बाईंची. पोरं हसायची.

लग्नाचं आमंत्रण आलं, कारण दिव्या माझी शिष्या. मी आणि बायको गेलो. पाठवणीची वेळ झाली तशा घरातल्या बायका भोवती जमल्या आणि नागमणीबाईंना पुढं करू लागल्या. दिव्या आईकडे बघत उभी होती. गिटार कुठंच नव्हती. नागमणीबाईंनी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले आणि पहिली ओळ म्हटली. आवाज चांगला होता, खणखणीत. दुसऱ्या ओळीला गळा भरून आला. थांबल्या. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडकल्या. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तर आवाजच निघेना. कुणीतरी वेळ होतेय म्हणालं, बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली, आणि ते गाणं तिथंच राहिलं. दुसरं कुणी म्हणून चालत नाही, म्हणून कुणी म्हटलं नाही.

गाडीत बसायच्या आधी दिव्या माझ्या पाया पडली. डोळे पुसत तिनं विचारलं, "सर, आईला जमलं नाही का हो?"

मी म्हटलं, "सराव केला नाही त्यांनी."

परतताना रिक्षात बायको माझ्याकडे वळून बसली. मग तिनं बायकांत बसून ऐकलेलं सांगितलं. वळलेल्या विडीचं तोंड आत दुमडायला नख लागतं. नागमणीबाई ते काम डाव्या तर्जनीच्या नखानं करायच्या, लहानपणापासून. काही बायका त्यासाठी पत्र्याचं नख लावतात, तसंही त्यांनी करून बघितलं, पण सवयीचा हात, पानं फाटायला लागली. विड्यांची तोंडं नीट बसेनात आणि त्यांचा माल रोज छाट निघायला लागला. छाट म्हणजे कारखान्यात नापास करून बाजूला काढलेली विडी. लग्न तोंडावर आलेलं, तेव्हा काम सुटू देणं परवडणारं नव्हतं. नख वाढू द्यावंच लागलं. हे दिव्याला सांगायचं नाही, असं त्यांनी सगळ्या बायकांना बजावलं होतं. तुझ्या गाण्यापायी माझं काम बिघडलं, हे कुठली आई लग्नात मुलीला सांगेल?

"तुम्ही त्यांना एकदा विचारायचंत तरी," बायको म्हणाली.

मी रिक्षातच वाद घातला. नखांचा नियम काही माझ्या मनाचा नाही, ते गिटारचं शास्त्र आहे. सी मेजरला तर्जनी लागते, तर्जनीला नख चालत नाही, मग यात माझा काय दोष? एकतर विडी नाहीतर गिटार. वाईट झालं, पण इलाज नव्हता. या उत्तरावर मी बारा वर्षं काढली. दिव्याला फोन करून खरं सांगावं असं दोन-चारदा मनात आलं. पण इतके दिवस झाले, आता काय, असं म्हणत राहिलो, आणि दिवस आणखी होत गेले.

पुढं गिरणी बंद झाली, मीही क्लास बंद केला आणि आम्ही जुळे सोलापूर या नव्या वस्तीत फ्लॅटवर राहायला आलो. मागच्या वर्षी पार्किंगमध्ये स्कूटर स्टँडवर लावताना डाव्या हाताची तर्जनी सापडली. हाड मोडलं नाही, पण बोटाला भलंमोठं बँडेज बसलं आणि महिनाभर वाजवायचं नाही असं ठरलं. आठवड्यातच मला करमेना. एका सकाळी गिटार मांडीवर घेतली, की बघू एका बोटाविना काय वाजतंय. मधलं बोट पाचव्या तारेवर, अनामिका चौथीवर, एकाच घरात शेजारी शेजारी. तर्जनी बँडेजसकट वर उभी. तारा छेडल्या. ई मायनर वाजला, सहाही तारा स्वच्छ.

गिटार मांडीवर तशीच राहिली. हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? ई मायनरला तर्जनी लागत नाही, हे मी हजार वेळा फळ्यावर काढून दाखवलंय. पण ते एका बाजूला होतं आणि नागमणीबाईंचं नख दुसऱ्या बाजूला, दोन्ही एकत्र कधी ठेवूनच बघितलं नव्हतं. त्यांना एकच कॉर्ड हवा होता. रडका हवा होता. तर्जनी न लागणारा हवा होता. तो माझ्याजवळ होता, आणि सगळ्यात सोपाही तोच होता. मी तो दुसऱ्या महिन्यासाठी राखून ठेवला होता.

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसा मी दुसऱ्या दिवशी रिक्षा करून, गिटार घेऊन निघालो. आता त्या विडी कामगारांच्या घरकुलात राहतात. शोधत शोधत गेलो. दारातच बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. केस पांढरे झालेले, चष्मा लागलेला. तर्जनीचं नख होतं तसंच. मला त्यांनी लगेच ओळखलं, आत बोलावलं, आधी बोटाला काय झालं ते विचारलं. दिव्याची गिटार भाच्याला देऊन टाकली म्हणाल्या. मी इकडचं तिकडचं न बोलता माझी गिटार पुढं केली. एकदा दोन बोटं ठेवून बघा, म्हटलं. नको नको म्हणत होत्या, नख दाखवत होत्या. नख राहू द्या, म्हटलं.

त्यांनी हात पुसले. मी त्यांचं मधलं बोट आणि अनामिका जागेवर ठेवली, तर्जनी उचलून बाजूला केली. छेडा म्हटलं. पहिल्याच फटक्यात सहाही तारा वाजल्या, एकही भर्र नाही. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. पुन्हा छेडल्या. मग हळूहळू लय धरली आणि ते तेलुगू गाणं सुरू केलं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, मांडवात जिथं अडकल्या होत्या तिथून पुढं तिसरी झाली, चौथी झाली. मला तेलुगू येत नाही. गाणं शेवटपर्यंत गेलं एवढं कळलं.

त्यांनी तारांवर तळहात ठेवून आवाज बंद केला.

"मास्तर, ह्यो त्येव्हा पण होता का?"

"होता," मी म्हटलं.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी गिटार सतरंजीवर ठेवली, चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा लावला. मग कोनाड्यातला फोन आणला, दिव्याचा नंबर लावला आणि माझ्यासमोर धरला.

"मग हे तिला सांगा," त्या म्हणाल्या. "मी सराव केला न्हाय असं वाटतंय तिला. तुमी सांगितलंय म्हणं."

फोन दिव्यानं उचलला. मी सगळं सांगितलं. आईनं नख कापलं होतं, सराव केला होता, शिकवण्यात मीच चुकलो आणि मांडवात तुझ्याशी खोटं बोललो. सांगताना मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढं बोलवलं नसतं.  

"सर," ती म्हणाली, "मी दर दिवाळीला तिला त्यावरून चिडवते. सगळ्यांसमोर. ती नुसती हसते हो."

मी फोन नागमणीबाईंच्या हातात दिला आणि उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.